वेधशाळेचा गुडघा

अक्कल गुडघ्यात असणं ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. पण या शाळेतले भूगोलाचे सर ती मिरवायचे, तीही भर शिक्षकखोलीत, डाव्या मांडीवर थाप मारून. त्याचं असं झालं होतं की बऱ्याच वर्षांपूर्वी मैदानी स्पर्धांच्या दिवशी लख्ख ऊन पडलेलं असताना सरांनी गुडघा चोळत सांगितलं, "सामान आत घ्या, दुपारी धो धो येणार." आणि दुपारी असा आला की बक्षिसं वाहून जायचीच काय ती राहिली. तेव्हापासून सरांना 'वेधशाळा' हे नाव पडलं. त्यानंतर गुडघा कितीदा तोंडघशी पडला, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. माणसं खरं ठरलेलंच लक्षात ठेवतात, सगळे ज्योतिषी त्याच्यावरच जगतात.

एरवी सरांच्या वाट्याला आलं होतं काय? मुख्याध्यापकपद आलं ते शेजारच्या खुर्चीपर्यंत, आणि तिथेच बसलं. त्यांच्या तासाला पोरं नकाशात रंग भरायची, नाहीतर झोपायची. पण स्पर्धांचा दिवस ठरवायची वेळ आली की मुख्याध्यापिका स्वतः चालत त्यांच्या टेबलापाशी यायच्या आणि विचारायच्या, "काय म्हणतोय?" कोण, ते सांगावं लागायचं नाही. वर्षातून एकदाच यायचा तो प्रश्न, पण त्याच्यावर सरांचं अख्खं वर्ष निघायचं.

घरीही तोच मान. सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना बायको रोज विचारायची, "काय म्हणतोय गुडघा?" सर कधी म्हणायचे "कोरडं आहे", कधी म्हणायचे "येणार आज". ती "बरं" म्हणायची आणि कामाला लागायची. कपडे कुठे वाळत घालायचे ते ठरवायला विचारते, अशी सरांची पक्की समजूत होती.

यंदा सातवीला नवा विषय आला, इंटरनेटवर हवामानाची माहिती शोधायला शिकवायचं. "वेधशाळा घरात असताना बाहेरून माणूस कशाला आणायचा?" असं म्हणून मुख्याध्यापिकांनी तो सरांच्या गळ्यात घातला. संगणकाची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. सर कठड्याला धरून चढायचे आणि वर पोचल्यावर खिडकीतून आभाळ बघायचं निमित्त करून दम खायचे.

आता खरं सांगायचं तर शिकवलं त्यांनी फर्मास. पहिल्याच तासाला एकाने दोन वर्षांपूर्वीचं पान उघडून उद्या वादळ येणार म्हणून वर्ग डोक्यावर घेतला. दुसऱ्याने छत्र्या विकणाऱ्या दुकानाच्या साइटवरून येता आठवडाभर मुसळधार पाऊस आणला. सर कडाडले, "अरे शहाण्या, छत्रीवाल्याला पाऊस विचारतोस? तो नाही म्हणणार आहे का?" मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: कोण सांगतंय, कधी सांगितलंय, सांगण्यात त्याचा फायदा काय, आणि आजवर त्याचं किती खरं ठरलंय. सगळे एकच सांगतात म्हणून भुलू नका, असंही बजावलं. "एकमेकांचं बघून लिहिलेलं असू शकतं. कॉपी कशी पकडतात ठाऊक आहे ना? बरोबर उत्तरं सारखी आली तर काही म्हणता येत नाही. चुका सारख्या आल्या की समजायचं." पोरं या एका बाबतीत जाणकार होती, त्यांना ते लगेच पटलं.

वर्गाने भिंतीवर मोठा तक्ता लावला. हवामान खात्याची साइट, एका वर्तमानपत्राची साइट, मोबाईलवरचं ॲप, अशा तिघांचे अंदाज रोज लिहायचे आणि शेवटी काय घडलं तेही लिहायचं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढायची म्हणून वर्ग तिला वकिलीणबाई म्हणायचा.

"सर, तुमचा गुडघा पण लिहायचा का?"

वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी छाती काढली. "लिही की! बेधडक लिही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या पंधरवड्यात गुडघ्याची पार शोभा झाली. तो ठणकला की सर पाऊस सांगायचे आणि बाहेर ऊन पडायचं. त्यातच मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं की यंदा तक्ता बघूनच ठरवू, स्पर्धांचा दिवस कुणाला विचारायचा. सर मनाशी म्हणाले, तो एक प्रश्न गेला तर शाळेत आपल्याला कोण कशाला काय विचारेल?

मग सरांनी जे केलं ते लहान पोरांनीही केलं नसतं. सकाळी न्हाणीघरात मोबाईल न्यायचा, आतून कडी घालायची, हवामान खात्याची साइट बघायची आणि बाहेर येऊन तेच गुडघ्याच्या नावावर खपवायचं. खोटं बोलायचं तर घरापासून एकच बोलावं, म्हणून बायकोलाही तेच सांगायचं. आभाळ मोकळं होतं, त्यामुळे रोज "कोरडं". प्रत्यक्षात त्या जिन्यांनी गुडघा भाजून निघत होता. इकडे बायकोचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उजळायला लागला. "अगंबाई, आजही कोरडं? छानच झालं!" एवढा आनंद वाळत घातलेल्या कपड्यांचा कसा होतो, हे काही सरांना उमगलं नाही.

तक्ता वाचायचा दिवस आला. मुख्याध्यापिका खुर्ची घेऊन बसल्या, वकिलीणबाई पट्टी घेऊन उभी राहिली.

"पहिल्या पंधरवड्यात गुडघ्याने पाऊस सांगितला तो फक्त बुधवारी आणि शुक्रवारी," ती म्हणाली. "आम्ही विचार केला, असं का? तर आपला संगणकाचा तास मंगळवारी आणि गुरुवारी असतो. सर जिने चढतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघा दुखतो. म्हणजे तो पावसाने नाही, वेळापत्रकाने दुखतो."

मुख्याध्यापिकांना एकाएकी खोकला आला. त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

"दुसऱ्या पंधरवड्यात गुडघा आणि हवामान खातं रोज एकच सांगतात. एका सोमवारी खात्याने कोरडं सांगितलं आणि पाऊस आला. त्या दिवशी गुडघ्यानेही कोरडंच सांगितलं होतं. सर, तुम्हीच म्हणाला होतात, चुका सारख्या आल्या की..." पुढचं बोलायला ती लाजली.

अख्ख्या वर्गाने वाक्य पुरं केलं, "कॉपी!"

सरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. जमीन दुभंगावी असं वाटलं, आणि त्याच वेळी, गंमत बघा, ऊरही भरून आला. इतक्या वर्षांत त्यांनी शिकवलेलं इतकं नेमकं कुणी वापरलं नव्हतं. त्यांनी वकिलीणबाईला पैकीच्या पैकी गुण दिले. स्पर्धांचा दिवस हवामान खात्याच्या साइटवरून ठरला आणि मुख्याध्यापिका सरांच्या टेबलावरून सरळ पुढे निघून गेल्या.

घरी आल्यावर सरांनी बायकोला सगळं सांगितलं, न्हाणीघरातल्या मोबाईलसकट. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. हातातली कपड्यांची चळत तिने खाली ठेवली.

"म्हणजे हे पंधरा दिवस दुखत होता?"

"तसा थोडा..."

"आणि मी खुळी आनंदात होते! बहिणीला सांगितलं, ह्यांना बरं वाटतंय. हाडांच्या डॉक्टरांकडे घेतलेली वेळसुद्धा रद्द केली. तुम्हाला नेलं असतं कसंतरी फसवून."

"पण तू तर कपड्यांसाठी विचारायचीस ना?"

"कपडे?" तिचा आवाज चढला. "तुम्ही पाऊस सांगायचात त्या दिवशीही मी बाहेरच घालत होते. माझ्याकडे नाही का मोबाईल? अहो, 'दुखतंय का' म्हणून विचारलं तर जन्मात कधी हो म्हणाला असतात? म्हणून हवामान विचारायची मी. तुम्ही 'येणार' म्हणालात की समजायची, आज फार आहे. तेवढा एक मार्ग होता मला, तोही तुम्ही बंद केलात."

माहिती कुठून येते हे सरांनी सातवीला शिकवलं होतं. ती कुणाला आणि कशासाठी हवी असते, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. गुडघ्यात तर नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे आला. बाहेर आभाळ भरलं होतं की मोकळं होतं, दोघांनीही बघितलं नाही.

"काय म्हणतोय?" तिने विचारलं.

सरांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "दुखतोय गं. फार दुखतोय."

"बरं," ती म्हणाली, आणि डॉक्टरांना फोन लावायला उठली.