भेगेवरची काच

संस्थान विलीन झालं त्या सुमारास आमच्या गल्लीतल्या तालमीची जुनी दगडी भिंत तपासायला एक इंजिनियर आला. चपला काढून आत शिरला, म्हणून पैलवानांनी त्याला उचलून बाहेर ठेवलं नाही. तो भिंतीला कान लावी आणि पैलवान आपलेच श्वास रोखून धरत. भिंतीला गेलेल्या भेगेवर त्यानं चुन्यात काचेची पट्टी बसवली. म्हणाला, "ही तडकली तर भिंत सरकतेय. मग तालीम बंद."

"आज्याच्या वेळंपासनं उभी हाय," वस्ताद म्हणाले. "तिला काय हुतंय?"

पट्टी तडकली. वस्तादांनी गुपचूप घरच्या आरशाचा तुकडा तिथं चिकटवला. इंजिनियर परत आला, वाकला आणि त्याला स्वतःचंच तोंड दिसलं. आम्ही हसू दाबलं. तो मात्र पांढराफटक पडला.

"वस्ताद, माझी पट्टी तडकली ना? भिंत राहणार नाही. आखाड्यातली माती अंगणात घ्या, तालीम तिथं चालेल. पण आत्ता."

लाल माती पाट्यांनी बाहेर निघाली. तोवर तो भिंतीला तळवा टेकून उभा होता, जणू त्याच्याच हातानं ती थांबली होती. शेवटची पाटी वस्तादांनी स्वतः उचलली आणि दारातून वळून म्हणाले, "आता तुमी बी भाईर या की, पावणं."