ठोकळा न होणारी ओळ

सहा आठवडे झाले. लातूरला शाळेत तास चालू असताना देगलूरहून फोन आला, "अक्का गेली." मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी हातातला खडू ठेवला आणि जिन्याकडे निघाले, पण पहिली पायरी नीट दिसेना. कठडा धरून उभी राहिले… ते रडण्यामुळं नव्हतं, हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

आमच्या वडिलांची नजर चाळिशीत आकसत गेली, नळीतून पाहावं तशी. पुढं तेच अक्काच्या वाट्याला आलं. ती देगलूरच्या एका शाळेत संगणक शिकवायची. पडद्यावरचे रंगीत ठोकळे माऊसनं ओढून एकमेकांत बसवायचे, की चित्रातला पोपट उडतो, बोलतो. एक दिवस तिनं ठोकळा भलतीकडंच सोडला आणि पोरं हसली. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "शोभे, मला पडद्यावरचा माऊसचा बाण दिसंना झालाय. कुणाला सांगू नको. वर्ग काढून घेतील."

पुढचे काही महिने ती भीतीतच शिकवत होती. मग तिला एक वेगळी भाषा सापडली. तिच्यात ठोकळे ओढायचे नसतात, ओळी टाइप करायच्या. त्या ओळींचे तेच रंगीत ठोकळे आपोआप तयार होतात. लिहिलेलं संगणक तिला कानात वाचून दाखवायचा. तिला दिसत नाही, हे पोरांना कळलंच नाही.

तपासणीला साहेब आले त्या दिवशी मी मुद्दाम देगलूरला गेले होते, मागच्या बाकावर बसले होते. पोपट काही हलेना. साहेब घड्याळ बघायला लागले. अक्कानं इअरफोन कानाला लावला. "बाराव्या ओळीत चूक हाय," ती म्हणाली. तिनं ती न बघता दुरुस्त केली आणि पोपट उडाला. मग साहेबांसमोरच ती पोरांना म्हणाली, "मला दिसत न्हाई रे आता. पण शिकवता येतंय." वर्ग तिच्याकडंच राहिला.

मला मात्र माझं सांगता आलं नाही. वर्षभर मी दाराच्या चौकटीला धडकतेय, हे तिच्यापासूनही लपवलं. डॉक्टरकडं गेले नाही.

अक्काचं दिवसकार्य झाल्यावर भाऊजींनी तिचा लॅपटॉप माझ्याकडं दिला. मी तिची शेवटची फाइल ऐकायला लावली. ती शिकवायची त्या भाषेत ओळीआधी ठरावीक खूण केली की तिचा ठोकळा होत नाही. ती फक्त वाचणाऱ्यासाठी राहते. यंत्राच्या कोरड्या आवाजात तशी एक ओळ आली… "शोभे, उंबऱ्यावर तू दोनदा अडखळलीस, मला ऐकू आलं. भिऊ नको म्हणणार न्हाई, मी बी लई भ्याले. पण टायपिंग आत्ताच शिकून घे."

कीबोर्डवर दोन अक्षरांवर बारीक उंचवटे असतात, न बघता बोटांना जागा कळावी म्हणून. मी डोळे मिटून ते शोधत राहिले. सापडेनात. डोळे उघडून अगदी जवळून पाहिलं, तर दोन्ही जागा गुळगुळीत. तिच्या बोटांनी झिजवलेल्या. मी पुन्हा डोळे मिटले आणि कडेपासून एकेक बटण मोजायला लागले.