चाखणं बंद

बेकरीच्या मागच्या खोलीत ती अकरा वर्षं केक करत होती. मालकापासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे तिला केकवाली म्हणत, आणि तिलाही ते आवडे. तिच्या जिभेचा दबदबाच तसा होता. क्रीममध्ये चमचाभर साखर कमी पडली, तरी बोटाच्या टोकावरून ती सांगायची. लोण्याला जरा वास लागलेला असला, की माल आणणारा डबा गुपचूप परत न्यायचा.

मुलगी झाली आणि दोन महिन्यांत घराचा जीव टांगणीला लागला. पाजलं की पोर कळवळायची. गालांवर लाल चट्टे उठले. एके दिवशी लंगोटात शेंबडासारखी शी, आणि तिच्यात रक्ताचे धागे. केकवालीनं तिला उचललं आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. "तुम्ही खाल्लेल्या दुधातलं प्रथिन तुमच्या अंगावरच्या दुधातून हिला बाधतंय, असं दिसतं. पाजणं थांबवू नका. तुम्ही मात्र दूध, दही, लोणी, चीज, सगळं बंद. तीन-चार आठवडे बघू. कॅल्शियमच्या गोळ्या देते."

घरी सासूबाई हवालदिल. "अगं, आईनं दूधच प्यायचं नाही, तर हिला दूध येणार कुठून?"

"गाय कुठं दूध पिऊन दूध देते, आई?"

सासूबाईंना हसू आवरेना. लगेच उठून त्यांनी घरातलं लोणी शेजारी देऊन टाकलं.

कुठल्या बिस्किटात दुधाची पावडर दडलीय, कुठल्या पावावर दुधाचा हात फिरवलाय, हे केकवालीला पाकीट न वाचताही ठाऊक होतं. तीन आठवड्यांत पोरीचे गाल स्वच्छ झाले. ती पोटभर पिऊन गाढ झोपू लागली.

रजा संपली. केकवाली कामावर गेली, आणि आठव्या दिवशी लंगोटात पुन्हा रक्त.

सगळं स्वयंपाकघर उलथंपालथं झालं. सासूबाईंचे डोळे भरून आले. "तुझी भांडीसुद्धा वेगळी घासते गं मी."

"तुमचं काही चुकलेलं नाही, आई."

मग चुकलं कुणाचं? दुसऱ्या दिवशी टेबलाशी उभी राहून तिनं क्रीम घोटलं, बोटावर घेतलं, बोट तोंडात घातलं, आणि ती जागच्या जागी थिजली. अकरा वर्षांची सवय! दिवसातून किती वेळा होत असेल, कोण जाणे.

तिनं खळाखळा चूळ भरली आणि मालकाला गाठलं.

"मग चाखणार कोण?" मालक काळजीत पडला.

"पाववाले काका."

काका भट्टीवरचे. जन्म पावात गेलेला. त्यांनी चमचाभर क्रीम तोंडात टाकलं. "छान आहे."

"छान म्हणजे काय, काका? साखर कमी की जास्त?"

"गोड आहे. केकचंच आहे ना?"

तिनं कपाळाला हात लावला, पण पिच्छा सोडला नाही. आधी कमी गोड, मग जास्त गोड, असं चाखवत तिनं काकांची जीभ तयार केली. स्वतःच्या तोंडाला मास्क बांधला. पहिल्या संध्याकाळी मास्कवर क्रीमचे सात ठिपके होते. तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. एव्हाना क्रीम चमच्यावरून कसं ओघळतं, भट्टीतून येणारा वास केव्हा पालटतो, यावरूनच ती बरंचसं ओळखू लागली होती.

त्याच सुमारास एका शाळेनं दीडशे माणसांचा केक सांगितला. तिनं कणही तोंडात घातला नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेचा फोन आला, "नेहमीसारखाच झाला होता हं!" आजवरच्या कुठल्याही शाबासकीनं तिला इतकं भरून आलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात पोरगी दवाखान्याच्या काट्यावर चढली. साडेसहा किलो! कातडी लोण्यासारखी, शी स्वच्छ. "छान पथ्य पाळलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

केकवालीनं तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे सरसावल्या. "दिवसभर क्रीममध्ये हात असतात हो हिचे, पण जिभेला थेंब लागू देत नाही. आहे कुणाची छाती?" रांगेतल्या आयांनीही ते ऐकावं, इतका त्यांचा आवाज चढला होता. सून लाजली, पण मान ताठ होती.

अजून चार महिने पथ्य पाळायचं, मग आईनं दूध थोडं थोडं सुरू करून बघायचं, असं ठरलं.

"काका, आणखी चार महिने तुमची सुटका नाही," तिनं बेकरीत शिरतानाच सांगितलं.

काकांनी खिशातून घरून आणलेला चमचा काढला आणि पुसला. "आण इकडे. कालचं जरा जास्तच गोड झालं होतं."