कुरिहारांच्या भिंतीवरचा पाव

मुनोजात आमच्या वसतिगृहात आली ती एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, आणि तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा नान जास्त होते. उझबेकिस्तानात समरकंदच्या पलीकडे उर्गुत म्हणून गाव आहे, तिथली ही पोर. वय वीस. आईने तंदुरात भाजून दिलेले गोल, जाडजूड सात नान. त्यातला एक तिने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि टेबलावर उपडा ठेवला. तिने तो उचलून सुलटा केला. आमची ओळख झाली ती अशी.

जपानातल्या कोकुरा शहरातलं हे वसतिगृह मी एकोणीस वर्षं सांभाळते आहे. जपानी शिकायला येणारी पोरंपोरी वर्षातून दोनदा येतात, रडतात, बारीक होतात, मग सायकली घेतात आणि मला उलटून बोलायला लागतात. मला कुणाचं फारसं कौतुक नाही. कचऱ्याचे दिवस पाठ करा, आंघोळीची वेळ पाळा, बस्स. मुनोजातला चपला काढायला सांगावं लागलं नाही आणि पाहुण्याला चहा द्यायचंही सांगावं लागलं नाही. बोलण्याच्या नावाने मात्र आनंदीआनंद होता.

"जेवलीस का?"

"हो."

"की नाही जेवलीस?"

"हो."

"उद्या चंद्रावर जाणार का?"

"हो, हिसाए-ओपा."

ओपा म्हणजे त्यांच्याकडे मोठी ताई. चौसष्टाव्या वर्षी कुणी ताई म्हणत असेल तर मी कशाला सुधारू? तीन आठवडे झाले तरी वर्गात तिच्या तोंडाचं कुलूप निघालं नाही. बाई फळ्यापुढे बोलवायच्या, ही उभी राहायची, लाल व्हायची आणि बसायची. घरी फोनवर मात्र तासभर धबधबा. एकदा तिच्या सोबतिणीकडून कळलं की बापाने मोठ्या मुश्किलीने एक वर्ष दिलंय. काही बिनसलं तर परत यायचं आणि आत्याने बघून ठेवलेल्या मुलाशी लग्न करायचं. मुलाचं फर्निचरचं दुकान आहे म्हणे. मुलगा वाईट नाही, फक्त हिला तो नको आहे.

एक दिवस जेवताना कुणाच्या तरी ताटातला पावाचा तुकडा जमिनीवर पडला. मुनोजातने तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवला. मी बघतच राहिले. तिने हातवाऱ्यांनी समजावलं: खाली नाही, पायात नाही. वर. पाखरं खातील. मी म्हटलं, "बरं बाई." आणि ती जेवून गेल्यावर फळी पुसून घेतली.

त्याच सुमारास कावळे आले.

आमच्या गल्लीत जाळता येण्याजोगा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. सकाळी साडेआठच्या आत पिशव्या कोपऱ्यावर ठेवायच्या, वर निळी जाळी पसरायची. कावळ्यांना एकदा खाण्याची जागा कळली की ते जाळीला जुमानत नाहीत. त्या महिन्यात चार वेळा पिशव्या फुटल्या. माशांची डोकी, चहाचा चोथा, सगळं रस्त्यावर. आणि दर वेळी कुरिहारा-सानांच्या भिंतीवर पावाचा चुरा.

कुरिहारा म्हणजे आमच्या मोहल्ला मंडळाचे अध्यक्ष. पोलादाच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस, नाकावर राग. पिशवीची गाठसुद्धा अशी मारतात की सोडवताना नखं तुटावीत. गेल्या साली त्यांची बायको गेली. तरी ते आठवड्यातून दोनदा स्टेशनजवळच्या बेकरीतून दोघांपुरता अख्खा पाव आणतात आणि अर्धा फुकट घालवतात. मी एकदा म्हटलं होतं, "अर्धाही मिळतो की हो." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

तर हे कुरिहारा आमच्या दारात आले. "नागाओ-सान," त्यांनी मला आडनावाने हाक मारली, "तुमच्यातलंच कुणीतरी कावळ्यांना खायला घालतंय."

"बघितलंत का तुम्ही?"

"बघायला कशाला पाहिजे? तुमची पोरं यायच्या आधी माझी भिंत स्वच्छ होती."

त्यांनी कोपऱ्यावर 'कावळ्यांना पाव घालू नका' अशी सूचना चिकटवली आणि आमच्या भाषाशाळेकडे लेखी तक्रार केली. आमचे संचालक भित्रे गृहस्थ. त्यांनी फर्मान काढलं, की जो कोणी असेल त्याला वसतिगृहातून काढू. काढू म्हणजे काय, तर परदेशातून आलेल्या, भाषा न येणाऱ्या पोरीला या शहरात कोण घर देणार? आणि घर नाही म्हटल्यावर बाप विमानाचं तिकीटच पाठवणार.

मला कळून चुकलं होतं. शुक्रवारी सकाळी सहाला मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. मुनोजात कचऱ्याच्या पिशव्यांपुढे उकिडवी बसली होती. एका पिशवीची घट्ट गाठ तिने दातांनी सोडवली, आतून कागदातला अर्धा पाव काढला, गाठ पुन्हा नीट मारली. पाव ओठांना, कपाळाला लावला. मग टाचा उंचावून गल्लीतल्या सगळ्यात उंच भिंतीवर ठेवला. भिंत कुरिहारांची. आणि पिशवीही त्यांचीच, ती गाठ मी झोपेतही ओळखेन.

मी कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. ही दया होती असं म्हणायला मला आवडेल, पण खरं तर भांडण अंगावर घ्यायचा कंटाळा होता.

मग बाईंनी वर्गाला अभ्यास दिला: आपल्या गल्लीतली एक पाटी उतरवून आणा आणि अर्थ लावा. मुनोजातने कोपऱ्यावरची सूचना उतरवली. अक्षरं कसली, चित्रंच काढली. रविवारी दुपारभर जेवणघरात शब्दकोश घेऊन बसली. मी मुळे सोलत होते. संध्याकाळी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली, तोंड पांढरंफटक.

"ओपा. कावळा. पाव." तिने बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "मी."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "गप्प बस आणि परत करू नकोस. कुणी बघितलेलं नाही."

तिने मान हलवली. तीन आठवडे हो म्हणणारी पोर पहिल्यांदा "नाही" म्हणाली. मग वही उघडली, पेन माझ्या हातात दिलं. माफी कशी मागतात ते लिहून हवं होतं तिला. मला तिचा राग आला. इतकं सरळ वागून कुणाचं भलं झालंय? पण लिहून दिलं. दोन दिवस ती जिन्यात, न्हाणीघरात, कपडे वाळत घालताना तेच पुटपुटत होती.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही कुरिहारांकडे गेलो. तक्रारीचं बोलायला संचालक आधीच येऊन बसले होते. मुनोजात गुडघ्यांवर बसली, हात चटईवर टेकले आणि डोकं खाली घातलं.

"मला माफ करा. पाव मी ठेवला. कावळे माझ्यामुळे आले. पुन्हा होणार नाही."

एकही शब्द चुकला नाही. संचालकांनी सुस्कारा सोडला. गुन्हेगार सापडला म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग आता नियमाप्रमाणे..." त्यांनी सुरुवात केली.

"थांबा," कुरिहारा म्हणाले. "पोरी, पाव वर का ठेवायचा?"

हे वहीत नव्हतं. ती अडखळली. "आई पाव करते. पहाटे. हात भाजतो." तिने मनगट पुढे केलं, जणू चट्टा तिथेच आहे. "पाव कचरा नाही. मी बघू शकत नाही."

"आणि आणायचीस कुठून?"

तुमच्याच पिशवीतून, एवढं म्हटलं की झालं. माझ्या जिभेच्या टोकावर आलंही होतं. मुनोजातने माझी बाही घट्ट धरली.

"खाली होता," ती म्हणाली.

"रोज?"

"नाही. मंगळवार. शुक्रवार." ती शब्द शोधत होती, खोटं शोधत नव्हती. "अर्धा. नेहमी अर्धा."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर बेकरीचा कागद होता, त्यात अर्धा पाव. कुरिहारांनी तिकडे बघितलं, मग फोटोतल्या बायकोकडे, मग माझ्याकडे. मी माझ्या पायमोज्यांकडे बघत बसले.

"तक्रार मी मागे घेतो," ते संचालकांना म्हणाले.

"पण कुरिहारा-सान, शाळेचा नियम..."

"तक्रारच नाही तर नियम कसला? हिला महिनाभर जाळीची पाळी द्या. सहाला जाळी घालायची, गाडी गेल्यावर कोपरा झाडायचा." आणि तिच्याकडे वळून, "उशीर चालणार नाही."

"हो," मुनोजात म्हणाली. या वेळी तिला कळलं होतं.

शुक्रवारी ती पावणेसहालाच झाडू घेऊन हजर. लोक पिशव्या घेऊन येत होते, थंडी आहे, कुठली तू, बाटल्या बुधवारी बरं का, असं काहीबाही बोलत होते. वर्गात गप्प बसणारी पोर प्रत्येकाला उत्तर देत होती, निम्मं चुकीचं. मी खिडकीत उभी होते, मुद्दाम.

कुरिहारा आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. पिशवी त्यांनी स्वतः जाळीखाली सरकवली. पुडी तिच्यापुढे धरली.

"कालचाच आहे. खाशील?"

तिने दोन्ही हातांनी घेतली. कागद उलगडला, पाव हातानेच मोडला आणि मोठा तुकडा त्यांना दिला. रस्त्यात खाणाऱ्या शाळकरी पोरांवर खेकसणारा हा माणूस. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि कचऱ्याच्या कोपऱ्यावर उभ्याउभ्या तो तुकडा खाल्ला, हळूहळू, शेवटपर्यंत. तारेवर एक कावळा होता. त्याला काही मिळालं नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मुनोजात आता इथल्याच एका कॉलेजात शिकते, आमच्या गल्लीतच राहते आणि मला उलटून बोलते. पाळी केव्हाच संपली, पण मंगळवारी आणि शुक्रवारी ती सहाला कोपऱ्यावर असते. मला वाटलं होतं, आता कुरिहारा अर्धाच पाव आणायला लागतील. ते अजून अख्खाच आणतात.