नागपुरात कुठे?

"ठीक आहे. आता मिहिरचं मतही ऐकू या."

डायरेक्टर हे बोलला तेव्हा मी त्याच्या समोरच बसले होते. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसातली सोमवारची मीटिंग. टीम माझी. निर्णय माझा. नवं सॉफ्टवेअर या आठवड्यात क्लायंटला द्यायचं नाही, टेस्टिंग कमी पडलंय, असं मी नुकतंच सांगितलं होतं. मिहिर माझ्या हाताखालचा. पुण्याचा. तो खुर्चीत रेलला आणि म्हणाला, "ती जरा जास्तच घाबरते. होऊन जाईल." दोघं-तिघं हसले. शुक्रवारी द्यायचं ठरलं.

आणि मी मान डोलावली. माझ्या तोंडावर माझाच निर्णय मोडला, आणि मी मान डोलावली.

शुक्रवारी सगळं सुरळीत पार पडलं. तेही माझ्याच बोकांडी बसलं. म्हणजे मला खरंच काही कळत नाही. म्हणजे मी इथे चुकून आले. अशी मी स्वतःला खात होते.

भीतीचं कारण साधं होतं. आमचा व्हिसा माझ्या नोकरीवर. नोकरी गेली तर नवरा, मुलगी, मुलीची शाळा, सगळं गुंडाळून परत. म्हणून मूग गिळून गप्प.

पण याची सुरुवात मीटिंगमध्ये झाली नव्हती. मिहिर टीममध्ये आला त्या दिवशी झाली होती. मराठी बाई बॉस म्हणून त्याला कोण आनंद.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"नागपूर."

"अरे वा. नागपुरात कुठे?"

"इंदोरा."

"अच्छा."

आडनाव गावाचं निघालं आणि जात कळेना, की आपला माणूस मोहल्ला विचारतो. इंदोरा म्हणजे निळे झेंडे, बुद्धविहार, आमची दलित माणसं. हे त्याला बरोबर ठाऊक होतं. सकाळी 'तुम्ही' होते, दुपारी 'तू' झाले. इथे सगळेच तू म्हणतात, असं मी मनाला समजावलं. मनाला समजावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

हळूहळू मी मेल पाठवायच्या आधी त्याला दाखवू लागले. विचारून घेतलेलं बरं, म्हणायचे. सकाळी कार पार्कमध्ये गाडी बंद करून तशीच बसून राहायचे. मीटिंगच्या आधी टॉयलेटमध्ये नळ सोडायचा आणि आरशासमोर माझीच वाक्यं पाठ करायची. एवढ्या मोठ्या बाईने.

त्या शुक्रवारनंतर एकदा तिथेच मार्शाने मला पकडलं. मार्शा फायनान्सची हेड. इथेच जन्मलेली, काळी. ती म्हणाली, "मीही हेच करायचे. या मजल्यावर किती वर्षं मी एकटीच काळी होते." मग तिने नळ बंद केला. "तुला एक सांगायला हवं. परवा लंचला मिहिर बोलला. डायरेक्टरही होता. म्हणाला, इंडियात तिच्यासारख्यांसाठी सीट्स राखून ठेवतात, मार्क कमी असले तरी चालतं."

थांबून तिने विचारलं, "तिच्यासारख्या म्हणजे कशा?"

सात समुद्र ओलांडून आले, आणि जात माझ्याआधीच त्या टेबलावर जाऊन बसली होती. मी तिला सांगितलं. तुटक-तुटक. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी इंग्रजीत माझी जात समजावत होते. सगळं ऐकून ती म्हणाली, "मलाही हेच म्हणतात. कोटा भरायला घेतली. फक्त जरा गोड शब्दांत."

मी एचआरकडे गेले. बाई फार प्रेमाने वागली. चहा विचारला. म्हणाली, "पण तुम्ही दोघेही इंडियनच ना?" झालं. गोऱ्यांना आम्ही दोघं सारखे. मिहिरला मी त्याच्यासारखी नाही. मग माझी बाजू घेणार कोण? त्या केबिनमध्ये मला कळलं, कोणी येणार नाहीये.

पुढच्या सोमवारी मी नव्या कामाचं वेळापत्रक मांडलं. खर्चाचं बघायला मार्शाही आली होती. डायरेक्टरने मान वळवली. "मिहिर?"

"नाही," मी म्हणाले.

आवाज फाटला. पण तोंड सुरू झालं होतं.

"मिहिरचं मत मी आधीच घेतलंय. हा माझा निर्णय आहे. तो नको असेल तर मला या जागेवरून काढा. पण मी इथे बसलेली असताना त्याला विचारू नका. आणि लंचला तुम्हाला जे सांगितलं गेलं ते खरं आहे. मी राखीव जागेवर शिकले. माझ्या माणसांना शतकानुशतकं शाळेच्या दारातही उभं केलं नाही, म्हणून ती जागा होती. तिची मला लाज वाटत नाही. जेवताना कुजबुजणाऱ्याला वाटायला हवी."

सगळे लॅपटॉपमध्ये बघायला लागले. मार्शा तेवढी म्हणाली, "मी होते तिथे. मी ऐकलंय." डायरेक्टर लालबुंद झाला. "आपण यावर नंतर बोलू," म्हणाला.

मिहिरने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "घरातली भांडणं गोऱ्यांसमोर कशाला काढायची गं? आपण आपली माणसं ना?"

"कुठलं घर, मिहिर? कधी घेतलंत आत?"

तो फोन बघत निघून गेला.

अजून काहीच मिटलेलं नाही. डायरेक्टरने बोलावलेलं नाही. एचआरची मेल आली आहे, नुसती तारीख, कारण नाही. नोकरी राहील का, व्हिसा राहील का, माहीत नाही. मुलीला अजून काही सांगितलेलं नाही. उद्या पुन्हा सोमवार. आत्तापासूनच भीती वाटतेय. ही भीती जाईल म्हणून मी थांबणार नाही. ती बहुतेक माझ्यासोबतच म्हातारी होईल. होऊ दे. पण माझ्या वतीने ती आता बोलणार नाही. मला उठवायचं असेल तर त्यांनी उठवावं, सगळ्यांदेखत, कारण सांगून. मी आपणहून उठणार नाही.