चावलेला तृणमणी

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी, शिमग्याच्या आदल्या शुक्रवारी, दुपारी तीन वाजता कर्जतच्या एका शाळेत एका ठाकरीण म्हातारीवर अन्याय झाला. मी तिथेच होतो, म्हणून लिहितो.

कर्जतकरांनो, तुम्ही तिला पाहिलंय. शाळेच्या फाटकाशी टोपली घेऊन बसायची. टोपलीत डिंक, आणि धुपासाठी साळईच्या झाडाचा वाळलेला चीक. प्रत्येक खडा आधी दाताखाली धरायची. "दातांना इचारावं. डिंक इरघळतो, चीक चिकटतो." दात उरले होते चार.

मी तेव्हा भिसेगावात चळवळीची पत्रकं वाटायचो. तिने एकदा गठ्ठाच मागून नेला. मी हरखलो. पुढच्या बाजारी त्यांत बांधलेल्या धुपाच्या पुड्या. "कागद चांगला हाय रं तुजा," ती म्हणाली. "आसंच लिवीत जा."

त्या शुक्रवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मधल्या टेबलावर पिवळा खडा, आत मुंगी. पाटी : 'तृणमणी, वय चार कोटी वर्षे'. हेडमास्तर समजावत होते. झाडाचा चीक गळतो, किडा अडकतो, चीक मातीखाली गाडला जातो. कोट्यवधी वर्षांत त्यातलं पातळ उडून जातं आणि उरलेलं दगडासारखं होतं.

म्हातारी माझ्यामागून आत आली होती. मान डोलावत तिने सगळं ऐकलं.

"समदं खरं, गुरुजी. पर ह्यो माज्या साळयीचा हाय. दिवाळीत तुमच्या शिपायानं नेला."

"बाई, हा चार कोटी वर्षांचा आहे."

"मंग दातांना इचारू."

आणि कोणी अडवायच्या आत तिने चार कोटी वर्षं तोंडात टाकली. दात चिकटले. टेबलाभोवती धुपाचा वास सुटला.

"कच्चा हाय," ती म्हणाली. "अजून लई थांबाया पायजे."

पोरं हसली. हेडमास्तरांनी तिची टोपली अडवून ठेवली आणि माफीनामा लिहिला : 'मी शाळेचा प्राचीन तृणमणी खाल्ला.' अंगठा दे, टोपली ने.

"ह्ये खोटं हाय," ती म्हणाली. मग टोपलीकडे बघितलं. महिनाभर रान हिंडून भरलेली. अंगठा दिला, आणि शाई गेली तरी लुगड्याला पुसत राहिली.

फाटकाशी ती पुन्हा बसली नाही. मी पत्रक काढलं. त्यात 'शोषण' नऊ वेळा होतं, साळई एकदाही नाही. तीन पावसाळ्यांनी ती गेली.

माफीनामा शाळेच्या कपाटात अजून आहे. त्या टेबलाभोवती तुमच्यातले कितीतरी जण होते. वास तुमच्याही नाकात गेला होता. येत्या सोमवारी अकराला शाळेत या. तो कागद बाहेर काढायला लावा, आणि त्या अंगठ्याखाली लिहून सही करा : चीक तिच्याच साळईचा होता.