काळ्या तिखटाच्या परत आलेल्या बरण्या

जगातली कुठलीही वस्तू ज्याची त्याला थेट देऊ नये, अशी ठाम श्रद्धा असलेला माणूस मी एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. काका हैदराबादेतल्या एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर वाटतात. म्हणजे नवा प्रोग्रॅम आला की तो गावोगावच्या शाखांतल्या कॉम्प्युटरांवर पोचवायचा. सगळे एकदम मुख्य सर्व्हरवर तुटून पडले तर लाइन बसते, म्हणून प्रत्येक भागातल्या एका सर्व्हरवर प्रत ठेवायची आणि आसपासच्यांनी तिथून घ्यायची. इतकी साधी गोष्ट. पण काकांनी ती ऑफिसात राहू दिली नाही, घरी आणली.

मावशी परभणीची. तिच्या हातचं काळं तिखट म्हणजे आम्हा नातलगांचा जीव की प्राण. पूर्वी ते न्यायच्या निमित्ताने आम्ही सगळे तिच्या हैदराबादेतल्या विद्यानगरच्या घरी जायचो, जेवायचो, लोळायचो. काकांना ती गर्दी बघवेना. त्यांनी सिकंदराबाद, उप्पल आणि दिलसुखनगरला एकेक घर नेमलं. बरण्या तिथं जाणार, बाकीच्यांनी जवळच्या घरून न्यायच्या. दिलसुखनगरचं घर आमचं. एकदा मी त्यांच्याच सोफ्यावर बसून बरणी मागितली, तर म्हणाले, "नक्को बाबा, तुझा सर्व्हर दिलसुखनगर." बरणी समोर टेबलावर होती. ती त्यांनी स्कूटरवर घातली, माझ्या मागोमाग आमच्या घरापर्यंत आले आणि दारातच विचारलं, "पोचली का?" मी हो म्हटल्यावर खिशातल्या कागदावर हिरवी खूण केली. ही खूण झाल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. शिवाय नवा पदार्थ केला की तो आधी फक्त मला. दोन दिवस माझी तब्येत बघायची, मग बाकीच्यांना. "चाचणीला एक भाचा पुरे," म्हणतात.

गेल्या वर्षी मावशीला ताप आला आणि जाताना तिच्या नाकाचा वास आणि जिभेची चव घेऊन गेला. फुलं कळेनात, फोडणी कळेना. ती कुणाला काही बोलली नाही. उन्हाळ्यात नेहमीसारखं खोबरं, तीळ, मिरच्या भाजायला बसली, आणि जळल्याचं तिला कळलंच नाही. तिखट कडूजहर झालं. काकांनी आमटीचा पहिला भुरका मारला आणि मावशीचं नाक गेल्याचं त्यांच्या ध्यानात आलं, तोवर बरण्या तिन्ही घरी पोचून हिरव्या खुणाही झाल्या होत्या. त्यांनी मला ऑफिसबाहेर बोलावलं. "तिला कळलं ना, तर पुन्हा तिखट करायला बसणार नाही रे ती," म्हणाले. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ठरलं असं, की गुपचूप दुसरं तिखट करवून बरण्या बदलून टाकायच्या. ओळखीच्या बाईंकडून त्यांनी ते करवून घेतलं. कुणाला शंका नको म्हणून बरण्या तशाच आणि वर मावशी दर बरणीला चिकटवते त्या तिच्या अक्षरातल्या चिठ्ठीची झेरॉक्स. आता, ऑफिसात नव्या पोरांवर हाच माणूस ओरडतो, माल बदलला की आवृत्तीचा नंबरही बदला, नाहीतर सर्व्हर म्हणतो हे माझ्याकडे आहेच, आणि नव्याला हातही लावत नाही. तेच झालं. तिन्ही घरांनी आधीची बरणी चाखली होती. तीच चिठ्ठी बघून सगळ्यांना वाटलं, पुन्हा तेच कडू आलं. "आधीचंच भरपूर आहे हो," म्हणत तिघांनी नवी बरणी न उघडता परत पाठवली, थेट मावशीकडे. त्यात माझी सख्खी आईही होती.

मी गेलो तेव्हा मावशी तीन बरण्या पुढ्यात घेऊन बसली होती आणि काका भिंतीला टेकून उभे होते. "माझी बरणी आजवर कधी परत आली नाही," ती म्हणाली. मग काकांना सगळं सांगावं लागलं. तिने तिन्ही बरण्या एकेक करून बाजूला सारल्या. शेवटी मला म्हणाली, "एवढे दिवस कडू खाल्लंत सगळ्यांनी? निमूट?" मी म्हटलं, "हौ मावशी." ती रडता रडता हसायला लागली.

यंदा तिखट तिनेच केलं. काका कढईवर वाकून वास घेत शेजारी उभे होते, "बस, उतरव" म्हणत. चिठ्ठीवर मावशीने स्वतः मोठा दोनचा आकडा टाकला. आणि तिन्ही घरं तिने बंद करून टाकली, ज्याला हवं त्याने विद्यानगरला येऊन जेवून न्यायचं. काका कुरकुरले, पण ताटं त्यांनीच मांडली. हल्ली रोज सकाळी ते चमचाभर तिखट तिच्या नाकापाशी धरतात आणि विचारतात, "पोचला का वास?" ती नाही म्हणून मान हलवते. काका कागद तसाच खिशात ठेवतात आणि म्हणतात, "असू दे, उद्या पुन्हा पाठवू."